कल्याण ते खोडद : सूर्यावरील रेडिओ-पहाऱ्याची समीक्षा

१

भारतातील रेडिओ-ज्योतिषशास्त्राचा इतिहास सांगताना कल्याणचा उल्लेख बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. १९६५ साली मुंबईनजीक कल्याण येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ३२ लहान तबकड्यांचा एक व्यतिकरणमापक उभारला. १९६८ पर्यंत त्याने सूर्य पाहिला. त्यावर तरुण संशोधकांचा एक संच तयार झाला. आणि याच संस्थेने पुढे १९७० मध्ये उटकमंड येथे व नंतर पुणे जिल्ह्यातील खोडद येथे जगन्मान्य दुर्बिणी उभ्या केल्या, असा या कथनाचा क्रम असतो. या क्रमात खोटे असे काहीच नाही. तथापि त्यात एक मूल्यनिर्णय न उच्चारता गृहीत धरलेला आहे. कल्याण ही तालीम आणि उटकमंड व खोडद हे खरे प्रयोग, असा तो निर्णय होय. सूर्य हा तालमीपुरता विषय व दूरस्थ दीर्घिका हाच खरा विषय, हे त्याचेच दुसरे रूप.

ज्या काळी हा निर्णय रूढ झाला त्या काळी तो क्षम्य होता. सूर्याच्या रेडिओ-निरीक्षणाचे व्यावहारिक प्रयोजन तेव्हा लघुतरंग नभोवाणी आणि रडार यांच्यापलीकडे फारसे जात नव्हते. आज कृत्रिम उपग्रह, त्यांच्यावरून मिळणारी स्थाननिश्चिती व कालनिश्चिती आणि देशव्यापी विद्युत-जाळे यांवर व्यवहार विसंबू लागल्याने सूर्यावरील घडामोडींचा पाठपुरावा हे स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्यास अवकाश-हवामान असे नाव पडले आहे. या नव्या शास्त्राच्या दृष्टीने पाहता कल्याणच्या प्रयोगाचे मूल्य पुन्हा ठरविणे आवश्यक ठरते. आणि ते ठरविताना केवळ एका यंत्राचा नव्हे, तर संशोधनाचे मोल मोजण्याच्या रूढ मापाचाही विचार करावा लागतो.

'अवकाश-हवामान' हा शब्दही येथे उद्बोधक आहे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील पोकळीत हवा नाही. तेव्हा शब्दाचा पूर्वार्ध लाक्षणिकच समजला पाहिजे. उत्तरार्ध मात्र अक्षरशः खरा आहे. ते 'मान' आहे, म्हणजे मोजणी आहे. भूपृष्ठावरील हवामानशास्त्र एखाद्या प्रतिभावंताच्या एका शोधावर उभे राहिले नाही. गावोगावच्या वेधशाळांनी रोज ठरलेल्या वेळी केलेल्या नोंदींवर ते उभे आहे. अवकाश-हवामानास याहून निराळा पाया असू शकत नाही.

२

सूर्य पाहण्याच्या दोन परंपरा महाराष्ट्रात शेजारी शेजारी नांदल्या आहेत. त्यांतील पहिलीचे स्थान सोलापूरकरांच्या घरातलेच आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या पट्ट्यात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे गाव आले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला आपली उपकरणे घेऊन तेथे गेले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल हेही आपले पथक घेऊन तेथेच उतरले. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत सूर्याचा किरीट, म्हणजे त्याच्या बिंबाभोवतीचे अतिविरल व अतितप्त वातावरण, छायाचित्रांत व वर्णपटांत टिपण्यात आले. दोन मिनिटांसाठी महिन्यांची तयारी, असे या परंपरेचे स्वरूप आहे. तिला क्षणदर्शनाची परंपरा म्हणता येईल.

दुसरी परंपरा कुलाब्याची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली. या मोजणीत प्रेक्षणीय असे काही नव्हते. लोंबत्या चुंबकाचे विचलन पाहावयाचे व आकडा लिहावयाचा, एवढेच काम. परंतु सप्टेंबर १८५९ च्या आरंभी, रिचर्ड कॅरिंग्टन याने इंग्लंडमध्ये सौरज्वाला पाहिल्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी जे प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आले, त्यात क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद कुलाब्याच्या वहीत झाली. विद्युत-ट्रामच्या उपद्रवापासून वाचविण्यासाठी ही मोजणी १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आली. कुलाब्याच्या त्या नोंदीचे खरे वाचन झाले ते २००३ साली. भारतीय व परदेशी संशोधकांनी तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि संभाव्य महावादळांच्या चर्चेत ती नोंद मूलाधार ठरली. लिहिणाऱ्याने लिहिले आणि १४४ वर्षांनी त्याचे मोल कळले. ही नित्यदर्शनाची परंपरा होय.

या दोन परंपरांत श्रेष्ठकनिष्ठभाव लावण्याचे कारण नाही. किरीट म्हणजे काय हे क्षणदर्शनाने शिकविले. किरीटाचे पृथ्वीशी नाते काय हे नित्यदर्शनाने. मात्र रेडिओ दुर्बिणीने या दोहोंमधील एक मोठे अंतर मिटविले, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. किरीट पाहण्यासाठी आता ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. मीटर व दशांश-मीटर लांबीच्या रेडिओ-तरंगांत सूर्याचे तेजस्वी पृष्ठ दिसतच नाही. किरीटच दिसतो, आणि ढगाळ हवेतही दिसतो. जेऊरला जे दोन मिनिटे साधले ते रेडिओ दुर्बिणीस दररोज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साधते. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ-तरंगांचा शोधही पहाऱ्यातूनच लागला. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडारांवर जो गोंगाट उठला तो शत्रूचा डाव नसून एका मोठ्या सौर डागाचा परिणाम आहे, हे जेम्स स्टॅन्ली हे याने ओळखले. युद्धामुळे ही गोष्ट १९४६ पर्यंत गुप्त राहिली.

३

कल्याणच्या यंत्राची घडण या पार्श्वभूमीवर पाहावी. सहा फूट व्यासाच्या त्या ३२ तबकड्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील. तेथे विल्बर ख्रिस्तियान्सन याने त्यांचा उपयोग सूर्यबिंबाचे रेडिओ-चित्र काढण्यासाठी केला होता. १९५३ ते १९५५ या काळात गोविंद स्वरूप व आर. पार्थसारथी यांनी तेथे त्याच तबकड्या ५०० मेगॅहर्ट्झ कंप्रतेसाठी बदलून शांत सूर्याचा अभ्यास केला. ऑस्ट्रेलियाने त्या भारतास भेट दिल्या. स्वरूप अमेरिकेतील कार्य आटोपून १९६३ मध्ये टाटा संस्थेत आले आणि दोन वर्षांत त्या तबकड्या कल्याण येथे उभ्या राहिल्या. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटर लांबीच्या रेषेत व ८ दक्षिणोत्तर २५६ मीटर लांबीच्या रेषेत होत्या. कंप्रता ६१० मेगॅहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४९ सेंटीमीटर.

तरंगलांबीस रेषेच्या लांबीने भागले असता पूर्व-पश्चिम दिशेतील विभेदनक्षमता पावणेतीन कलांच्या आसपास येते. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला आहे. अर्थात बिंबाचे दहाबारा पट्टे या यंत्रास वेगवेगळे ओळखता येत होते. जुन्या तबकड्या व मर्यादित साधने पाहता ही कामगिरी लहान नव्हे. त्यातून शांत सूर्याच्या किरीटाचे तापमान दहा लक्ष अंशांच्या घरात असल्याचे व बिंबाची कड मध्यापेक्षा उजळ दिसत असल्याचे निष्कर्ष मिळाले. कडेच्या उजळणीचा प्रश्न स्वरूप यांनी पॉट्स हिलपासूनच हाती घेतलेला होता. तेव्हा कल्याणचा प्रयोग हा तबकड्या कशा जोडाव्यात याचा निव्वळ धडा होता, असे म्हणता येत नाही. त्यामागे दहा वर्षे जुना व स्पष्ट असा एक प्रश्न होता.

आता या प्रयोगाच्या कालावधीकडे पाहावे. सौर डागांचे विसावे आवर्तन १९६४ च्या ऑक्टोबरात किमान बिंदूस होते आणि १९६८ च्या नोव्हेंबरात कमाल बिंदूस पोहोचले. कल्याणचे निरीक्षण १९६५ ते १९६८ या काळातील. म्हणजे शांत सूर्य हळूहळू क्षुब्ध होत कमाल अवस्थेस पोहोचेपर्यंतचा चढता अर्धभाग या यंत्राने पाहिला आणि ओहोटी पाहण्यापूर्वीच ते थांबले. सातआठ वर्षे आणखी ते चालते, तर ६१० मेगॅहर्ट्झवरील एका पूर्ण आवर्तनाची सलग नोंद भारतात झाली असती. शोधाच्या मापाने पाहिले तर कल्याणचे काम संपले होते; पहाऱ्याच्या मापाने पाहिले तर ते अर्ध्यावर आले होते. रूढ कथनास ही दुसरी बाजू दिसत नाही, हा त्यातील मुख्य दोष होय.

याच्याशेजारी कॅनडातील उदाहरण ठेवावे. आर्थर कव्हिंग्टन याने युद्धातील रडारचे भाग वापरून ओटावाजवळ एक लहानशी दुर्बीण तयार केली आणि फेब्रुवारी १९४७ पासून १०.७ सेंटीमीटर तरंगलांबीवरील सूर्याच्या रेडिओ-प्रवाहाची दैनिक मोजणी आरंभिली. ती आजवर चालू आहे. १९९१ पासून ती पेंटिक्टन येथे होते. त्या दुर्बिणीने सूर्याचे चित्र काढले नाही. दररोज एक आकडा दिला. हा आकडा आज सौर क्रियाशीलतेचा सर्वमान्य निर्देशांक आहे, आणि उच्च वातावरण किती फुगेल व उपग्रहांच्या कक्षा किती घसरतील याच्या गणितात तो वापरला जातो. कल्याणचे यंत्र कव्हिंग्टनच्या यंत्राहून अधिक सूक्ष्मदर्शी होते. टिकण्याच्या बाबतीत मात्र ओटावाचे साधेपण श्रेष्ठ ठरले.

४

कल्याण थांबविण्याच्या निर्णयाची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मनुष्यबळ व द्रव्य दोन्ही तुटपुंजी होती. उटकमंडची ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण डोंगराच्या अशा उतारावर बसवावयाची होती की, तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर राहावा. विषुववृत्तानजीकच्या देशालाच साधणारी ही कल्पना होती आणि चंद्रपिधानाच्या योगे दूरस्थ रेडिओ-स्रोतांचे कोनीय आकार मोजण्याचा तिचा हेतू विश्वरचनाशास्त्रातील तत्कालीन मोठ्या वादाशी निगडित होता. एवढे कार्य हाती असताना त्याच माणसांना कल्याणच्या पहाऱ्यास जुंपणे कोणासही शक्य झाले नसते. म्हणून दोष व्यक्तींकडे जात नाही. पहाऱ्याचे काम शोधकर्त्यांच्याच गळ्यात राहिले, ते दुसऱ्या कोणत्याही संस्थेने वा विद्यापीठाने उचलले नाही, हे वैगुण्य व्यवस्थेचे आहे. अलिबागेस चुंबकीय नोंदींसाठी स्वतंत्र वेधशाळा होती. ६१० मेगॅहर्ट्झच्या सूर्यास तशी वेधशाळा मिळाली नाही.

शिवाय उटकमंडने सूर्यास सोडले असे म्हणणेही अर्धसत्य ठरेल. १९६४ साली केंब्रिज येथे अँटनी ह्युइश व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, अल्पाकार रेडिओ-स्रोत सौरवातामागून पाहिले असता लुकलुकतात. ही लुकलुक मोजून मधल्या सौरवाताची घनता व वेग काढता येतात. उटकमंडच्या ३२७ मेगॅहर्ट्झच्या दुर्बिणीने या पद्धतीचा मोठा उपयोग केला. दररोज अनेक स्रोतांची लुकलुक पाहून सूर्यापासून सुटलेला द्रव्यलोट सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये कोठवर आला, हे तिने दाखविले. दूरस्थ स्रोतांसाठी बांधलेल्या दुर्बिणीने त्याच स्रोतांचा दिव्यांसारखा उपयोग करून सूर्याचा वारा पाहावा, ही घटना 'सूर्य की दीर्घिका' हा विरोध कृत्रिम असल्याचा उत्तम पुरावा आहे.

या दृष्टीने भारतातील निरीक्षणांची रचना तीन मजल्यांची ठरते. किरीटातील प्लाझ्मा ज्या कंप्रतेस तरंग सोडतो ती त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणून कंप्रता जितकी उच्च तितका किरीटाचा थर खालचा. ६१० मेगॅहर्ट्झचे कल्याण हा तळमजला. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या गौरीबिदनूर येथील सौरचित्रकाने १९९७ पासून ४० ते १२० मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात पाहिलेला मध्य-किरीट हा दुसरा मजला. उटकमंडची लुकलुक हा तिसरा, आंतरग्रहीय मजला. दुसऱ्या मजल्याचे महत्त्व विशेष आहे. किरीटातून आघाततरंग वर सरकू लागला की त्याच्या रेडिओ-ध्वनीची कंप्रता काही मिनिटांत उच्चाकडून नीचाकडे उतरत जाते. पॉल वाइल्ड याने १९५० साली वर्गीकरण करताना यास दुसरा प्रकार म्हटले. या उतरणीवरून आघाताचा वेग काढता येतो. तो सेकंदास हजार किलोमीटरच्या घरात असू शकतो. द्रव्यलोट पृथ्वीवर पोहोचण्यास साधारणतः एक ते चार दिवस लागतात. त्याची वर्दी मात्र प्रकाशाच्या वेगाने आठ मिनिटांत येते.

खोडदचे स्थान या रचनेत कोणते? ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरपर्यंतचा विस्तार आणि अतुल्य सूक्ष्मता असलेली ही दुर्बीण सूर्याचीही उत्कृष्ट चित्रे देऊ शकते. फ्रान्समधील नान्से येथील सौरचित्रकाच्या निरीक्षणांशी तिची निरीक्षणे जोडून ३२७ मेगॅहर्ट्झवर किरीटाची तपशीलवार चित्रे मिळविण्यात आली आहेत. पण तिचा वेळ जगभरच्या प्रस्तावांतून निवडून वाटला जातो आणि सूर्याची वादळे प्रस्ताव पाठवून येत नाहीत. खोडद ही जेऊरची उत्तराधिकारी आहे, अलिबागेची नव्हे. तिच्याकडून पहाऱ्याची अपेक्षा धरणे हा तिच्यावर अन्याय, आणि ती आहे म्हणून पहारा आहे असे मानणे ही आत्मवंचना होय.

५

या चर्चेस व्यावहारिक बाजू नाही असे कोणी समजू नये. २३ मे १९६७ रोजी सूर्यावरील एका प्रचंड रेडिओ-स्फोटाने अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-सूचक रडारांना निकामी केले. हा शत्रूचा हल्ला नाही, हे लष्करातील सौर-निरीक्षकांनी वेळीच सांगितल्यामुळे मोठा अनर्थ टळला. कल्याणचे यंत्र तेव्हा चालू होते; पण तो स्फोट झाला तेव्हा भारतात मध्यरात्र होती. एका रेखांशावरचा पहारा अपुरा पडतो, हा धडा येथे मिळतो. आणि ऑस्ट्रेलिया-जपान व युरोप यांच्यामधील भारताची जागा भरलेली असणे किती आवश्यक आहे, हेही यावरूनच कळते. मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचे विद्युत-जाळे सुमारे नऊ तास बंद पाडले. डिसेंबर २००६ मधील रेडिओ-स्फोटाने स्थाननिश्चितीच्या ग्राहकयंत्रांत व्यत्यय आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मध्यम प्रतीच्या वादळानेही उच्च वातावरण इतके फुगले की, नुकतेच सोडलेले ३८ उपग्रह कोसळले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून ध्रुवीय प्रकाशाची लाली छायाचित्रात उतरली.

सोलापूर चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. त्यामुळे क्वेबेकसारखा धोका येथे पुष्कळ सौम्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि तिच्याद्वारे दक्षिणेचे विद्युत-जाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी एका कंप्रतेत बांधले गेले. देशाच्या जाळ्याची ही गाठ ज्या जिल्ह्यात बांधली गेली, त्या जिल्ह्याने उत्तरेकडील जाळ्यास बसणारा हिसका परका मानणे आता शक्य नाही. विषुववृत्तीय पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबर क्षुब्ध होऊन उपग्रहांचे संदेश लुकलुकतात, हा धोका तर उत्तरेकडील थंड देशांपेक्षा येथेच अधिक. नवी पेठेतील दुकानदार चादरीचे पैसे भ्रमणध्वनीवरून घेतो तेव्हा त्या व्यवहाराच्या पाठीशी वीज आणि दूरसंचाराची जाळी असतात, आणि त्यांची घड्याळे बव्हंशी उपग्रहांच्या वेळेशी जुळविलेली असतात. त्याने सूर्याचा अभ्यास करावा अशी अपेक्षा नाही. त्याच्या वतीने कोणीतरी रोज करावा, एवढीच अपेक्षा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेले 'आदित्य एल-१' हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. मग भूमीवरील दुर्बिणींची गरज काय? उत्तर साध्या भागाकारात आहे. द्रव्यलोटाचा वेग सेकंदास ५०० किलोमीटर धरला तर यानास तो लागल्यापासून पृथ्वीस लागेपर्यंत ५० मिनिटे मिळतात. वेग दुप्पट असेल तर २५. यानावरील किरीटदर्शक लोटाची सुटका दाखवितो. पण आघाततरंगाचा आरंभ आणि मधल्या वाटेवरील प्रवास यांची स्वतंत्र साक्ष भूमीवरील रेडिओ-निरीक्षणच देते. उलटपक्षी, लोटातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, यावर वादळाची तीव्रता अवलंबून असते आणि ही दिशा रेडिओ-निरीक्षणाने अद्याप भरवशाने सांगता येत नाही. तेथे यानच प्रमाण. दोन्ही साक्षी एकमेकींस पूरक आहेत. एकीने दुसरीस रजा देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. नित्य नोंदीतून निबंध निघत नाहीत, पदव्या मिळत नाहीत, मग विद्यापीठांनी हे काम का करावे? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचा रोख पहाऱ्यावर नसून मोजमापावर आहे. संशोधनाचे मोल केवळ प्रसिद्ध निबंधांच्या संख्येने ठरणार असेल तर कुलाब्याच्या १८५९ च्या वहीस शून्य गुण द्यावे लागतील. स्विस संशोधक क्रिस्तियान मोन्स्टाइन याने रचलेला 'कॅलिस्टो' हा वर्णपटमापक ४५ ते ८७० मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात सूर्याचे रेडिओ-स्फोट नोंदवितो. त्याची जगभर पसरलेली साखळी मुख्यतः लहान संस्थांच्या बळावर चालते. महाविद्यालयाच्या गच्चीवरील साधा आकाशक व संगणक यांवर भागणारे हे काम आहे. अडचण यंत्राची कमी आणि माणसांची अधिक आहे. विद्यार्थी दोन वर्षांनी जातो, सौर आवर्तन अकरा वर्षांचे असते. शहरातील नभोवाणी-केंद्रांचा ८८ ते १०८ मेगॅहर्ट्झचा गलबलाही सोसावा लागतो. तेव्हा अशा नोंदीची जबाबदारी विद्यार्थ्याच्या प्रबंधावर न टाकता विभागावर टाकली पाहिजे, आणि नोंदवहीस प्रबंधाइतकीच प्रतिष्ठा दिली पाहिजे.

एवढ्या विवेचनानंतर कल्याणविषयीचा निर्णय असा देता येतो. तो प्रयोग तालीम होता हे खरे, परंतु त्याने एकाच नव्हे तर दोन विद्यांची तालीम दिली होती. दूरस्थ विश्वाच्या वेधाची विद्या उटकमंड व खोडद येथे फळास आली. सूर्यावरील अखंड पहाऱ्याची विद्या गौरीबिदनूर येथे व लुकलुकीच्या वेधांत अंशतः रुजली, पण कल्याणच्या मातीत, म्हणजे महाराष्ट्रात, ती १९६८ नंतर खंडित झाली. पहिल्या विद्येचा गौरव कितीही केला तरी थोडाच आहे. दुसरीची थकबाकी मात्र अजून फेडावयाची आहे.